टॅमरिएलचा मराठी कोश : रेड माउंटनच्या पानावर काय लिहायचं?

सड्यावरचा (रत्नागिरी)

मंडळी, एल्डर स्क्रोल्स या संगणकावरच्या खेळांच्या मालिकेतल्या टॅमरिएल या जगाचा आपण मराठी कोश करतोय. त्याची प्रांत, वंश, देवता आणि राजघराणी ही पानं फारशी ओढाताण न होता झाली. गाडी अडली आहे ती रेड माउंटनच्या लढाईपाशी. तिघांनी तीन मसुदे पाठवले. तिन्हींना खेळातलाच पुरावा आहे आणि तिन्ही एकमेकांना खोडतात. म्हणून मसुदे थोडे बाजूला ठेवू आणि आधी हे ठरवू, की एल्डर स्क्रोल्सच्या जगाबद्दल 'असं झालं' हे वाक्य आपण कशाच्या आधारावर लिहायचं.

ज्यांची सुरुवात मालिकेतल्या स्कायरिम (२०११) या खेळापासून झाली आणि मोरोविंड (२००२) राहून गेला, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. पहिल्या युगाच्या ७०० व्या वर्षी काइमर आणि ड्वेमर या दोन जमातींत युद्ध झालं. रेड माउंटनच्या पोटात ड्वेमरांना लोरखान देवाचं हृदय सापडलं होतं आणि त्यातली शक्ती काढायला त्यांच्यातल्या कॅग्रेनॅकने तीन हत्यारं घडवली होती. लढाई संपता संपता अख्खी ड्वेमर जमात नाहीशी झाली आणि काइमरांचा सेनापती नेरेवर मेला. नेरेवरचे तीन सल्लागार, व्हिवेक, अल्मलेक्सिया आणि सोथा सिल, पुढे देव होऊन बसले.

भांडण आहे ते नेरेवर कसा मेला यावर. या तिघांना पुजणाऱ्या देवळाची (मंदिराची) शिकवण सांगते की तो लढाईतल्या जखमांनी गेला. राखेच्या रानात फिरणारे अ‍ॅशलँडर सांगतात की त्या तिघांनीच त्याला मारलं. ही हकीकत त्यांच्याकडे नेरेवरचा ढालकरी अलांड्रो सुल याच्या तोंडून आलेली आहे. तिसरी बाजू खुद्द व्हिवेकची. नेरेवरसमोर घेतलेली शपथ मोडली हे तो मान्य करतो, खून मात्र मान्य करत नाही.

माझं मत शेवटी सांगेन. आधी तुमचं ऐकायचं आहे.

जयगड_बंदर

दादा, मला यात एवढी अडचण दिसत नाही. पायऱ्या ठरवून टाकू. सगळ्यात वर प्रत्यक्ष खेळात जे दिसतं आणि घडतं ते. त्याखाली खेळाबरोबर छापून आलेल्या पुस्तिका. त्याखाली खेळ बनवणाऱ्या बेथेस्डा कंपनीच्या लोकांच्या मुलाखती, आणि बाकी सगळं बाहेर. एकाच पायरीवर दोन गोष्टी भिडल्या तर नंतर आलेल्या खेळाचं खरं धरायचं. अरीना १९९४ चा, डॅगरफॉल १९९६ चा, तेव्हा लिहिणाऱ्यांनाही हे जग पुढे कुठे जाणार याची कल्पना नव्हती. त्या वेळची वाक्यं आज तशीच्या तशी कशी धरणार?

कोश म्हटला की वाचणारा उत्तर शोधायला येतो. त्याला दर पानावर 'काही म्हणतात' वाचायला लावलं तर तो दुसऱ्यांदा येणार नाही. हे मी मनापासून सांगतोय, कारण आपण हा कोश मराठी मुलांसाठी करतोय, आधीच सगळं पाठ असलेल्यांसाठी नाही.

चिपळूणची_लेखणी

'नंतरचं खरं' हा नियम ऐकायला सरळ आहे, पण तो सिरोडिल या प्रांताच्या जंगलावर लावून बघू या.

१९९८ च्या रेडगार्ड या खेळासोबत साम्राज्याची एक छोटी मार्गदर्शिका छापून आली होती. तिच्यात सिरोडिल म्हणजे पसरलेलं दाट जंगल. २००६ मध्ये ऑब्लिव्हियन आला आणि आपण प्रत्यक्ष सिरोडिलमध्ये फिरलो, तर तिथे कुरणं, पानझडी रानं, थंड हवा. तुमच्या नियमाने १९९८ चं खोटं, विषय संपला. पण खेळ स्वतः तो विषय संपवत नाही. त्याच ऑब्लिव्हियनमध्ये मिथिक डॉन पंथाची भाष्यं मिळतात. त्यात जमीनच बदलून टाकण्याच्या विद्येबद्दल लिहिलंय आणि पूर्वी तिथे जंगल होतं याचा उल्लेखही आहे. म्हणजे २००६ च्या खेळाने जुनं वाक्य पुसलं नाही, त्याला कारण दिलं. पुढे स्कायरिममध्ये व्हाइटरन शहरात टॅलोस देवाच्या पुतळ्यासमोर हाइम्स्कर नावाचा भक्त दिवसभर ओरडत असतो. नीट उभं राहून ऐका. आपल्या सैनिकांना जंगल नकोसं झालं म्हणून टॅलोसने ते पालटलं, हे त्याच्या प्रवचनात आहे.

मग २०१४ मध्ये एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन आला. त्याचा काळ दुसऱ्या युगाचं ५८२ वं वर्ष. टायबर सेप्टिमच्या, म्हणजे पुढे टॅलोस म्हणून पुजल्या गेलेल्या माणसाच्या, जन्माला तेव्हा अजून दोनशेहून जास्त वर्षं आहेत. तरीही सिरोडिलमध्ये जंगल नाही! आणि त्याच खेळात एक पुस्तक सापडतं, त्यातली विदुषी म्हणते की 'जंगल' हा जुन्या ग्रंथाची नक्कल करणाऱ्याचा प्रमाद असावा. त्या पुस्तकाच्या नावातच 'एक तर्क' असं लिहिलंय.

आता सांगा, सगळ्यात नवीन कोण? ती विदुषी. तुमचा नियम लावला तर तिने स्वतः तर्क म्हणून मांडलेली गोष्ट आपण सत्य म्हणून छापू. तिने स्वतःसुद्धा एवढा दावा केलेला नाही.

पुळणीवरून

ताई, हे फार छान मांडलंत. त्या १९९८ च्या पुस्तिकेबद्दल आणखी एक. जयगडदादांनी पुस्तिकांना दुसरी पायरी दिली आहे, पण ही पुस्तिका कंपनीच्या आवाजात बोलतच नाही. ती त्या जगातल्या साम्राज्याच्या भूगोल संस्थेने, दुसऱ्या युगाच्या ८६४ व्या वर्षी, टायबर सेप्टिमच्या मोहिमा चालू असताना काढलेली आहे. दुसऱ्यांचे देश मागासलेले आणि आपलं राज्य उदार, असा तिचा सूर आहे. शिवाय समासात कुणीतरी हाताने शेरे मारलेत, ते मूळ मजकुराची साल काढतात. ही पुस्तिका म्हणजे त्या जगातला एक साक्षीदार आहे आणि त्याचा स्वार्थ उघड दिसतो.

आंबोळगड

+१. समासातल्या शेऱ्यांसाठी कोशात वेगळं पान हवं.

जयगड_बंदर

पुस्तिकेचा मुद्दा पटला, ती पायरी काढा. पण 'खेळात डोळ्यांना दिसतं ते खरं' हे तरी कायम राहू द्या. पुस्तक लिहिणारा खोटं बोलेल, माझ्या समोरचा डोंगर कसा खोटं बोलेल?

सड्यावरचा

डोंगरसुद्धा बोलतो, कारण त्याला संगणकात मावायचं असतं. स्कायरिमचा सगळा नकाशा साधारण ३८ चौरस किलोमीटर भरतो. एक अख्खा प्रांत, राजधान्या, बर्फाची शिखरं, दऱ्या, आणि ज्यात हजारो माणसं मेली म्हणतात ते यादवी युद्ध, एवढ्यात. व्हाइटरनमध्ये घरं मोजायला बसलो तर थोड्या वेळात मोजून होतात. तेवढ्या वस्तीवर ते शहर व्यापाराचं मोठं केंद्र कसं राहील? उलट डॅगरफॉल घडतो त्या इलियाक खाडीचा नकाशा संगणकाने आपोआप भरलेला, ग्रेट ब्रिटनएवढा मोठा म्हणून त्याची जाहिरात व्हायची. मग एकाच जगातली एक खाडी तेवढी मोठी आणि पूर्ण प्रांत एवढासा, असं लिहायचं का?

म्हणून अंतरं, लोकसंख्या, घरांची संख्या यांच्या बाबतीत डोळ्यांवर भिस्त ठेवायची नाही. पण देवळाच्या भिंतीवरचं चित्र, ड्वेमर अवशेषांची रचना, कोणाच्या थडग्यात काय ठेवलंय, हे कुणीतरी विचार करून मांडलेलं असतं. तिथे डोळ्यांचा पुरावा कुठल्याही पुस्तकापेक्षा मला जड वाटतो.

पुळणीवरून

माझा अडलेला प्रश्न वेगळा आहे. मोरोविंडच्या लेखकांपैकी एकाने कंपनीतली नोकरी सोडल्यावरही या जगाबद्दल लिहिणं थांबवलं नाही. ते मजकूर खेळात नाहीत, चाहत्यांच्या चर्चांमधून आले, आणि इम्पिरियल लायब्ररीसारख्या संकेतस्थळांनी जपून ठेवले. काही जण ते वेदवाक्य मानतात, काही जण हातही लावत नाहीत. आपण काय करायचं?

मी हे विचारतोय त्याला कारण आहे. चिपळूणताईंनी हाइम्स्करचं जे प्रवचन सांगितलं, त्यातला जंगलाचा भाग आधी अशाच खेळाबाहेरच्या मजकुरात आला होता आणि नंतर स्कायरिमने तो हाइम्स्करच्या तोंडी घातला. आता तो मूळ मजकूर पूर्ण आत आला, की हाइम्स्करने उच्चारली तेवढीच वाक्यं आत आली?

चिपळूणची_लेखणी

उच्चारली तेवढीच. आणि तीही 'हाइम्स्कर म्हणतो' अशीच. तो रस्त्यावर ओरडणारा भक्त आहे. टॅलोसच्या पूजेवर तेव्हा बंदी आहे, ती झुगारून तो बोलतोय. त्याला टॅलोसचं सामर्थ्य वाढवून सांगायचं आहे, आणि ते साहजिक आहे.

बाहेरचे मजकूर गाळून टाकावेत असं मला अजिबात वाटत नाही. मोरोविंडच्या देवदेवतांची खोली मला त्या मजकुरांमुळे कळली. पण त्यांची जागा पानाच्या खालच्या, वेगळ्या चौकटीत. वाचणाऱ्याला आपण खेळाच्या बाहेर पाऊल टाकतोय हे दिसलं पाहिजे. खेळावरच्या २००९ आणि २०११ च्या दोन कादंबऱ्याही तशाच, त्यांना आणखी एक चौकट.

देवबागकर (मालवण)

सगळ्यांचा वाचलंय. माझा मालवणीतच सांगतंय.

आमच्याकडे जत्रेक दशावतार होता. आख्यान सगळ्यांका म्हायत आसता, पण संवादाची लिवलेली वही खंयच नसता. पात्रा वाटून घेतत आणि रातभर उभ्या उभ्या सुचात तसा बोलतत. एका कंपनीचो दुर्योधन आपली बाजू अशी मांडता की बगणारो घडीभर तेच्या बाजून जाता. दुसऱ्या कंपनीत तोच दुर्योधन नुसतो आरडता. खरो दुर्योधन खयचो, असा कोण इचारणा नाय. पण अर्जुनाक भर सभेत कोणी मारून टाकलो तर लोक उठान घराक जातीत. म्हंजे सांगाडो ठरलेलो आणि बोलणा ज्याचा त्याचा.

माका वाटता कोशातय तसाच करूचा. सांगाडो काळ्या ठळक अक्षरात: लढाई झाली, ड्वेमर गेले, नेरेवर मेलो, तिघे देव झाले. बाकीचा ज्याचा त्याच्या तोंडात.

जयगड_बंदर

देवबागकर, तुमची मांडणी आवडली. पण दशावतारात सांगाडा पुराणातून आलेला असतो, बघणाऱ्याला तो आधीपासून ठाऊक असतो. इथे नेरेवरला कोणी मारलं हाच सांगाड्यातला मणका आहे आणि खेळ बनवणाऱ्यांनी तो मुद्दाम दिलेला नाही. मोरोविंडमध्ये आपण स्वतः नेरेवरचा पुनर्जन्म म्हणून वावरतो. व्हिवेकसमोर उभं राहून त्यालाच विचारतो. तरी नक्की काय झालं ते कळत नाही. अशी जागा सांगाड्यात रिकामी सोडायची का?

चिपळूणची_लेखणी

रिकामी नाही सोडायची. तिथे काय काय भरलं गेलं, कोणी भरलं आणि कोणापासून लपवलं, ते लिहायचं. मोरोविंडची खरी गोष्ट तीच आहे.

व्हिवेकचंच घ्या. एका बाजूला त्याची कैफियत आहे, ज्यात खून नाही. दुसऱ्या बाजूला त्याचे छत्तीस उपदेश आहेत, देवळाने पवित्र मानलेले, गावोगाव विकले जाणारे. त्यांपैकी एका उपदेशात आकड्यांची यादी आहे. त्या आकड्यांनी शब्द वेचत गेलं की एक कबुली तयार होते: तो जन्मतः देव नव्हता, देवपण चोरलं, सेनापतीचा खून केला, आणि हे व्हिवेकनेच लिहिलं आहे. एकच लेखक, दोन कागद, आणि दोन्हींवर त्याचाच हात. कुठला अधिकृत म्हणाल? दोन्ही खेळात आहेत. दोन्ही २००२ चेच आहेत. पायऱ्यांच्या नियमाने यातलं काहीच सुटत नाही. कबुली खरी मानावी, तर हा माणूस स्वतःबद्दल वाटेल ती मिथकं रचतो हेही त्याच उपदेशांत दिसतं. आणि खोटी मानावी, तर आपल्याच विरुद्धची गोष्ट कोड्यात का दडवेल?

शिवाय देवळातले बंडखोर पुजारी विसरू नका. देवळाने लोकांपासून लपवलेली कागदपत्रं आणि सार्वजनिक शिकवण यांत कुठे कुठे फरक पडतो, ते त्यांनी मुद्देसूद मांडलं आहे. साधनांची पारख कशी करावी याचा धडाच त्या खेळाने आत ठेवलाय. मी इतिहास शिकवते. वर्गात बखर, परकीय प्रवाशांची वर्णनं आणि दफ्तरातली पत्रं यांच्यातला फरक समजावताना जे करावं लागतं, तेच हा खेळ खेळणाऱ्याकडून करून घेतो, आणि तेही 'आता अभ्यास' असं न म्हणता. मला या खेळाबद्दल प्रेम आहे ते याचमुळे.

गुहागरची_डीएम

पहिल्यांदाच लिहितेय. मी सुट्टीत इथल्या मुलांना घेऊन टॅमरिएलवर बेतलेला टेबलावरचा खेळ चालवते, फासे आणि कागदांवर. त्यांना कोशाची पानं छापून देते. मुलं पहिला प्रश्न हाच करतात, 'मग मारलं कोणी?' 'माहीत नाही' म्हटलं की हिरमुसतात. पण तीन कागद वेगवेगळ्या मुलांच्या हातात दिले, एकाला देवळाचा, एकाला अ‍ॅशलँडरांचा, एकाला व्हिवेकचा, तर ती आपसात तास तास भांडतात. गेल्या वेळी दिवे गेले तरी मेणबत्तीवर चालू होतं. त्यामुळे जयगडदादांची काळजी मला समजते, पण मुलं पळून जातील असं मला वाटत नाही. फक्त कोण बोलतंय हे पहिल्या शब्दात कळलं पाहिजे. चार ओळींनंतर कळलं तर ती गोंधळतात.

आंबोळगड

डॅगरफॉलच्या शेवटांचं काय? तिथे तर कंपनीनेच हात वर केलेत.

सड्यावरचा

हात वर केले असं मी म्हणणार नाही, त्यांनी फार धाडसी गोष्ट केली. डॅगरफॉलमध्ये खेळणारा टोटेम नावाची जादूची वस्तू कोणाच्या हातात देतो यावर वेगवेगळे शेवट होते. पुढच्या खेळाला त्यातला एक खरा धरावा लागला असता, आणि बाकीच्या खेळाडूंचा खेळ खोटा ठरला असता. त्यांनी सांगितलं की सगळे शेवट एकाच वेळी झाले, काळच त्या तेवढ्या दिवसांपुरता दुभंगला. तिसऱ्या युगाचं ४१७ वं वर्ष, त्या जगात या घटनेला पश्चिमेचा विपर्यास म्हणतात. इलियाक खाडीभोवतीची लहान लहान संस्थानं नाहीशी होऊन चार राज्यं उरली: डॅगरफॉल, सेंटिनेल, वेरेस्ट आणि ऑर्सिनियम. माझा खेळ खरा आणि तुझाही खरा, असा निकाल दुसऱ्या कुठल्या खेळाने दिलेला मी पाहिलेला नाही.

पण ही सवलत इतरत्र वापरू नये. हल्ली दोन पुस्तकांत फरक दिसला की लगेच 'काळ दुभंगला असेल' असं लिहिणारे दिसतात. जिथे खेळ स्वतः दुभंग सांगतो तिथेच तो मानायचा. बाकी ठिकाणी कोणीतरी खोटं बोलतंय, विसरलंय किंवा ऐकीव सांगतंय, आणि ते शोधून काढायचं काम आपलं आहे.

पुळणीवरून

चाहत्यांनी चालवलेली एल्डर स्क्रोल्सवरची यूईएसपी विकी आधार म्हणून चालेल ना? १९९५ पासून आहे, आणि तिथली माणसं फार काटेकोर आहेत.

चिपळूणची_लेखणी

वाट दाखवायला उत्तम, आधार म्हणून नाही. विकीवर कुठल्या खेळातल्या कुठल्या पुस्तकातून काय घेतलं ते दिलेलं असतं. त्या पुस्तकापर्यंत जायचं, ते उघडायचं, आपल्या डोळ्यांनी वाचायचं आणि मग लिहायचं. पुस्तकाचा मजकूर खेळागणिक बदललेला असतो हेही बघायचं. बरेन्झिया राणीचं चरित्र डॅगरफॉलमध्ये एक आहे आणि मोरोविंडमध्ये काटछाट केलेलं आहे. नुसतं 'बरेन्झियाच्या चरित्रात असं आहे' म्हटलं तर कुठल्या चरित्रात?

व्हिडिओंचा आधार मात्र कृपा करून नको. आपल्याकडे आलेल्या एका मसुद्यात अझुरा देवीबद्दल 'अझुराने शाप देऊन काइमरांचे डनमर केले' असं सरळ विधान होतं, आणि आधार म्हणून एका व्हिडिओची लिंक. ही गोष्ट अ‍ॅशलँडरांच्या हकीकतीतून येते. सांगणारा काढून टाकला की तीच ओळ इतिहास होऊन बसते, आणि मग ती ओळ शंभर ठिकाणी उतरवली जाते.

जयगड_बंदर

ठीक. मी पायऱ्यांचा आग्रह सोडतो, एका अटीवर. वर्षं, राजे, कुठला खेळ कधी घडतो, असल्या गोष्टींत घोळ नको. मोरोविंड तिसऱ्या युगाच्या ४२७ मध्ये, ऑब्लिव्हियन ४३३ मध्ये, स्कायरिम चौथ्या युगाच्या २०१ मध्ये. इथे 'काही म्हणतात' आलं तर मी स्वतः खोडेन.

देवबागकर

ह्यां एकदम बरोबर.

सड्यावरचा

मान्य. मग रेड माउंटनच्या पानाची सुरुवात अशी करून बघितली आहे:

"रेड माउंटनची लढाई (पहिलं युग, ७००). या लढाईच्या अखेरीस ड्वेमर नाहीसे झाले आणि काइमर सेनापती नेरेवर मरण पावला. अ‍ॅशलँडर सांगतात, की व्हिवेक, अल्मलेक्सिया आणि सोथा सिल यांनी त्याचा खून केला. ही हकीकत नेरेवरचा ढालकरी अलांड्रो सुल याच्याकडून तोंडी आलेली आहे आणि मंदिराने ती पाखंड ठरवली. मंदिर शिकवतं, की नेरेवर जखमांनी गेला. हे शिकवणाऱ्या मंदिराची सत्ता त्या तिघांच्या देवत्वावर उभी होती. व्हिवेक आपल्या कैफियतीत शपथ मोडल्याचं कबूल करतो, खून कबूल करत नाही. त्याच्याच उपदेशांत दडलेल्या मजकुरात मात्र खुनाची कबुली आहे."

चिपळूणची_लेखणी

अ‍ॅशलँडर पहिले घेतलेत ते का? वाचणाऱ्याला तीच बाजू खरी वाटेल. तारखेच्या मानाने लावायचं तर त्यांची परंपरा किती जुनी हे खेळात कुठेच ठरत नाही. मंदिराचं आधी घ्या, कारण मोरोविंडमध्ये उतरल्यावर सामान्य माणसाच्या कानावर तेच पहिल्यांदा पडतं. आणि 'सत्ता देवत्वावर उभी होती' हे वाक्य ठेवायचं असेल, तर अ‍ॅशलँडरांना मंदिराशी वैर का होतं तेही तितकंच लिहा. स्वार्थ एकाचाच दाखवला तर आपणही एक पक्ष झालो.

गुहागरची_डीएम

हो, आणि बंडखोर पुजारी या परिच्छेदात आलेच नाहीत. ते या वादात ना इकडचे ना तिकडचे. दोन्हीकडचे कागद त्यांनीच शेजारी ठेवले.

सड्यावरचा

दोन्ही घेतो. क्रम मंदिर, अ‍ॅशलँडर, बंडखोर पुजारी, व्हिवेक असा लावतो, आणि प्रत्येकाचा स्वार्थ एकेका ओळीत. खेळाबाहेरचे मजकूर खालच्या चौकटीत, ती चौकट पुळणीवरून यांनी भरावी. सिरोडिलचं पान चिपळूणताईंकडे. तारखांचं पान जयगडदादांकडे, त्यात दुसऱ्या कोणी हात घालायचा नाही. आंबोळगड, समासातल्या शेऱ्यांचं पान तुम्हीच मागितलं होतं, तर ते तुमच्याकडे. देवबागकर, तुम्ही हाइम्स्करचं प्रवचन खेळात उभं राहून पूर्ण ऐका आणि शब्दन् शब्द उतरवून द्या, विकीवरून नको.

देवबागकर

उतरवतंय. रातीच बसतंय.